पदकाविना परतलेला मल्ल

लोणंदच्या बाजारात कांद्याचा भाव पडला म्हणून पुढच्या हंगामाचं रोप टाकायचं तुम्ही सोडता काय? आपल्याच सातारा जिल्ह्यातले, कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव आठवा. १९४८ साली ते लंडन ऑलिंपिकला गेले. अंगाला सवय तांबड्या मातीची. तिथं कुस्ती गादीवर! सहावा क्रमांक आला, पदकाविना घरी परतले. पण मेहनत सोडली नाही. १९५२ साली हेलसिंकीत त्यांच्या गटात जपानच्या इशीईनं सुवर्ण जिंकलं आणि खाशाबांनी कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! गावी बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. तुमचं पोर परमुलखातून हात हलवत आलं, तर टोमणे मारू नका. पोटभर भाकरी वाढा आणि पुन्हा तालमीत धाडा.