वर्षाचे 120 तास आणि त्यांबद्दलचे गैरसमज

महाविद्यालयात प्रवेश झाला की पहिल्या काही आठवड्यांत हा प्रश्न येतोच: एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, नाव द्यायचे का? नागपुरात त्याचे उत्तर बहुधा ऐकीव माहितीवर ठरते. सीनियर सांगतो, झाडू मारायला लावतात. मावशी सांगते, अभ्यासाचे नुकसान होते. एखादा मित्र म्हणतो, सर्टिफिकेट मिळते, घालून टाक नाव. या तिन्ही सल्ल्यांत मूळ योजना कुठेच नसते. समाजासाठी काही करावे असे मनापासून वाटणारी कितीतरी मुले-मुली अशा अर्धवट माहितीमुळे दाराशीच थांबतात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

गैरसमज: हे सरकारने विद्यार्थ्यांवर लादलेले काम आहे

राष्ट्रीय सेवा योजना ऐच्छिक आहे. ती तशी असावी की नाही यावर या देशात वीस वर्षे खल झाला. राधाकृष्णन आयोगाने 1948-49 मध्ये विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय सेवेचा विचार मांडला, तो ऐच्छिक स्वरूपात. पुढे 1959 मध्ये चिंतामणराव देशमुखांच्या समितीने उलट बाजू घेतली: पदवीच्या वाटेवर नऊ महिने ते एक वर्ष सेवा सक्तीची करावी. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री राहिलेल्या माणसाने हे सुचवले, म्हणजे ती भाबडी कल्पना नव्हती. मग के. जी. सय्यदैन यांनी इतर देशांतल्या अशा योजनांचा अभ्यास करून पुन्हा ऐच्छिक सेवेची शिफारस केली. साठच्या दशकात चीन युद्धानंतर एनसीसी सक्तीची झाली आणि काही वर्षांतच ती सक्ती मागे घ्यावी लागली. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, तेव्हाचे शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांत सुमारे 40,000 विद्यार्थ्यांसह योजना सुरू केली. नाव द्यायचे की नाही हे तेव्हाही विद्यार्थीच ठरवत होता, आजही तोच ठरवतो.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर एक गोंधळ मात्र वाढला आहे. पदवीच्या आराखड्यात आता समुदाय सहभागाचा प्रकल्प आला आहे आणि त्याला क्रेडिट आहेत. हा अभ्यासक्रमाचा भाग आहे, एनएसएस नव्हे. एनएसएस हा सहशालेय उपक्रमांतला एक पर्याय आहे, खेळ, कला किंवा एनसीसी यांच्यासारखा. अशा क्षेत्रकार्याच्या एका क्रेडिटमागे सत्रभरात साधारण 30 तास धरले जातात. दोन क्रेडिटचा प्रकल्प म्हणजे 60 तास लोकांमध्ये जाऊन केलेले काम. शेवटच्या आठवड्यात इंटरनेटवरून उतरवलेली फाईल त्यात बसत नाही.

गैरसमज: झाडू, झाडे आणि फोटो

वर्षाला 120 तास, अशी दोन वर्षांत 240 तासांची नियमित सेवा आणि एक सात दिवसांचा निवासी कॅम्प, अशी एनएसएसची रचना आहे. या 120 तासांची वाटणीही मार्गदर्शक पुस्तिकेत आहे: 20 तास ओळख आणि प्रशिक्षण, कॅम्पसमधले काम फार तर 30 तास, उरलेले 70 तास वस्तीत किंवा दत्तक गावात. म्हणजे कॉलेजचे आवार झाडण्यातच वर्ष संपत असेल तर तिथे योजना नीट राबवली जात नाही. ही वाटणी विद्यार्थ्यांनी वाचावी आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांना, म्हणजे पीओ सरांना किंवा मॅडमना, आदराने विचारावे: आपले 70 तास कुठे आहेत?

अभ्यासाच्या नुकसानीचा हिशेबही इथेच होतो. 120 तास वर्षाच्या 52 आठवड्यांत पसरले तर आठवड्याला अडीच तासांहून कमी पडतात. हे तास नियमित देणे हाच कठीण भाग आहे. जयंतीला, पंधरवड्याला, सप्ताहाला पाचशे मुले गोळा होतात, नंतर तीन महिने कुणी फिरकत नाही. नागपूरच्या गरजा पाहिल्या की या पद्धतीने किती हानी होते ते कळते.

रक्तदानाचे उदाहरण घ्या. शिबिरे 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, एखाद्या नेत्याचा वाढदिवस अशा ठरलेल्या दिवशी होतात. पण साठवलेल्या लाल पेशी जास्तीत जास्त 42 दिवस टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. प्रजासत्ताक दिनी गोळा झालेल्या पिशव्यांचा मे महिन्यात काहीच उपयोग नसतो. आणि मे महिन्यात काय होते? परीक्षा संपलेल्या असतात, वसतिगृहे रिकामी होतात, पारा 45 अंशांकडे जातो, शिबिरे थांबतात आणि रक्तपेढ्यांत टंचाई येते. पण मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांतल्या शस्त्रक्रिया, बाळंतपणे, अपघात थांबत नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर काही आठवड्यांनी रक्त लागते. उन्हाळ्याची सुट्टी त्यांच्या शरीराला माहीत नसते.

रक्त दिल्याने अशक्तपणा येतो, ही भीती अजूनही घराघरात आहे. वय 18 पूर्ण, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन किमान 12.5 असेल आणि तपासणीत डॉक्टरांनी होकार दिला, तर रक्तदान सुरक्षित आहे. एका वेळी 350 किंवा 450 मिलिलिटर रक्त घेतात. त्यातला द्रवाचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, पेशी काही आठवड्यांत. पुरुषाने पुन्हा रक्त द्यायला 90 दिवस, स्त्रीने 120 दिवस थांबायचे. या अंतरावरूनच एक साधी योजना सुचते. प्रत्येक महाविद्यालयाने रक्तगट, शेवटच्या रक्तदानाची तारीख आणि 'उन्हाळ्यात नागपुरातच असणार का' या तीन गोष्टींची यादी ठेवावी. सगळ्यांना एका दिवशी रांगेत उभे करण्यापेक्षा तीन-तीन महिन्यांच्या पाळ्या लावाव्यात. पाळीतल्या वीस मुलांचे मोल एका दिवसाच्या दोनशेंपेक्षा जास्त आहे असे मी मानतो.

रक्ताचाच विषय आहे तर सिकलसेलबद्दलही बोलले पाहिजे, कारण विदर्भात तो घरातला आजार आहे. दोन गैरसमज फार नुकसान करतात. पहिला, सिकलसेलचा वाहक म्हणजे रुग्ण. तसे नाही; वाहकाला बहुतेक वेळा काहीच त्रास नसतो. दुसरा, त्रास नाही म्हणजे तपासणीची गरज नाही. पण दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. प्राथमिक तपासणी रक्ताच्या थोड्याशा नमुन्यावर होते, आणि पुढची खात्री प्रयोगशाळेत. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट आहे. लग्नाच्या वयाकडे निघालेली मुले-मुली महाविद्यालयातच भेटतात. वीस वर्षांच्या मुलीला तिच्याच वर्गातली मैत्रीण सोबत घेऊन तपासणीला गेली, तर ते भिंतीवरच्या पोस्टरपेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचे ठरते.

गैरसमज: लिहिता येणारा कुणीही रायटर होऊ शकतो

अंध विद्यार्थ्यांच्या परीक्षेत जो लिहितो त्याला आपल्याकडे रायटर किंवा लेखनिक म्हणतात. ही सेवा दिसत नाही, तिचा फोटो निघत नाही, आणि कदाचित म्हणूनच तिच्यासाठी माणसे मिळत नाहीत. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार परीक्षार्थीला दर तासामागे किमान 20 मिनिटे जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. त्याच सूचनांनुसार, परीक्षार्थी स्वतः रायटर आणणार असेल तर रायटरची शैक्षणिक पात्रता परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावी लागते. या एका नियमामुळे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलाला खालच्या वर्षाचा, बारावीच्या मुलीला अकरावीचा रायटर शोधावा लागतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत त्या खालच्या वर्गाच्याही परीक्षा असतात.

रायटरने काय शिकायला हवे? सांगितले तेच लिहिणे, शुद्धलेखन शंकास्पद असेल तर विचारणे, प्रश्न सावकाश आणि न सुधारता वाचणे, आकृतीचे वर्णन नेमके करणे, स्वतःला उत्तर येत असले तरी तोंड बंद ठेवणे. गणिताचा किंवा अर्थशास्त्राचा पेपर असेल तर चिन्हे मोठ्याने वाचण्याचा सराव लागतो. शक्य असेल तर पेपरच्या आधी दोघांनी एकदा बसून जुनी प्रश्नपत्रिका सोडवावी. एकमेकांचा वेग कळतो. ऐनवेळी रायटरने फोन बंद केला तर समोरच्याचे वर्ष जाऊ शकते. म्हणून होकार देताना आपले वेळापत्रक बघून द्यावा. कालच्या पेपरला आलेला आजही आला पाहिजे, एवढीच अट आहे, पण ती कडक आहे.

गैरसमज: खेड्यातल्या लोकांना शिकवायला जायचे असते

नागपूर विद्यापीठाच्या नावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आहेत. गावाने आपले प्रश्न आपणच ओळखावेत आणि आपणच उभे राहावे, हा त्यांच्या ग्रामविचाराचा गाभा. तरीही शहरातले विद्यार्थी दत्तक गावात जातात तेव्हा भाषणाची तयारी करून जातात. गावकरी सौजन्याने ऐकून घेतात. शौचालय बांधा असे सांगणाऱ्या मुलाने गावात उन्हाळ्यात पाणी किती दिवसांआड येते हे विचारलेले नसते.

याचे उलट उदाहरण शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आहे. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथे एमबीबीएसच्या प्रत्येक नव्या तुकडीला एक गाव दिले जाते. मुले आधी तिथे राहतात, प्रत्येकाकडे काही कुटुंबे येतात आणि पुढची काही वर्षे तीच मुले त्याच कुटुंबांकडे जात राहतात. पहिल्या भेटीत कुणी दुखणे सांगत नाही. चौथ्या-पाचव्या भेटीत आजी सांगते की सून रक्तवाढीच्या गोळ्या घेत नाही, आणि का घेत नाही हेही सांगते. ते कारण पुस्तकात नसते. देशभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अलीकडे आलेला कुटुंब दत्तक उपक्रम याच जातीचा आहे. इतर शाखांनी हे का उचलू नये? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने दोन वर्षे एकाच बचत गटाच्या नोंदी पाहिल्या, तर त्या बायकांना आणि त्यालाही जे मिळेल ते व्याख्यानातून मिळणार नाही.

मग सात दिवसांच्या कॅम्पने गाव बदलते का? नाही. त्याने विद्यार्थी बदलतो, आणि तेही पुरेसे कारण आहे. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळच्या सोमनाथ प्रकल्पावर तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली, ती भर मे महिन्यात भरते. हिंगणघाटचे बाबा स्वतः नागपुरात शिकलेले वकील. विदर्भाच्या उन्हात पहाटे उठून माती उचलताना शेजारी कोल्हापूरचा आणि नांदेडचा मुलगा असतो. त्या आठवड्याची ओळख अनेकांना पुढे वेगळ्या कामांकडे घेऊन गेली आहे.

आणि एका दिवसाची सेवा नेहमीच कमी प्रतीची असते असेही नाही. गरजच त्या दिवसाची असेल तर त्या दिवशी हजर राहणे महत्त्वाचे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर देशभरातून लाखो लोक येतात. पाणी, भोजनदान, प्रथमोपचार, हरवलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या गावच्या लोकांपर्यंत पोहोचवणे, स्टेशनचा रस्ता सांगणे, ही कामे तिथे उभी असतात. गणेश विसर्जनाला निर्माल्य वेगळे काढणारे हातही असेच. फक्त आदल्या दिवशी जबाबदारी समजून घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आवराआवरीला यावे. दुसऱ्या दिवशी माणसे फार कमी असतात.

गैरसमज: सेवा म्हणजे आपल्या आवडीबाहेरचे काही

2001 मध्ये हिस्लॉप कॉलेजमधले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी पावसात झोपडपट्टीतल्या मुलांना फुटक्या बादलीने फुटबॉल खेळताना पाहिले आणि त्यांना खरा फुटबॉल दिला. त्यातून उभ्या राहिलेल्या 'स्लम सॉकर'ला 2016 मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. 'झुंड' चित्रपट त्यांच्याच कामावर आहे. बारसे सरांना येत होता तो खेळच त्यांनी वापरला. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयातले विधी साहाय्य केंद्र असते, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवकांची सोय असते. रेशन कार्ड, पोटगी, मजुरीची थकबाकी यांवर अर्ज कसा लिहायचा हे तिथे शिकता येते. चित्र काढणाऱ्याने, तबला वाजवणाऱ्याने, संगणकावर मराठी टाईप करणाऱ्यानेही असेच जवळचे काहीतरी शोधावे.

यंदा सुरुवात करायची असेल तर पीओ सरांकडे जुलैतच जावे, कारण एका युनिटमध्ये साधारण 100 विद्यार्थी असतात आणि जागा भरतात. रायटर म्हणून नाव द्यायचे असेल तर दिवाळीआधी आणि जानेवारीत द्यावे; विद्यापीठाच्या आणि बोर्डाच्या परीक्षांच्या आधीचे ते दिवस असतात. रक्तदात्यांच्या यादीत 'मे महिन्यात नागपुरातच आहे' असे लिहिणाऱ्यांची नावे मार्च संपायच्या आत रक्तपेढीकडे पोहोचली पाहिजेत.