रुग्णालयाच्या दारांतील प्रश्न

नागपूरच्या गांधीबागेचें नांव घेतलें म्हणजे अनेकांच्या डोळ्यांपुढें कापडाची बाजारपेठ उभी राहते. त्याच भागांत डागा स्मृति रुग्णालय हें स्त्रियांचें सरकारी रुग्णालय आहे. अशा कोणत्याही रुग्णालयांत हाताला सूज किंवा कपाळाला खोक घेऊन आलेल्या बाईला कारण विचारलें, तर ‘पाय घसरला’ असें उत्तर पुष्कळदां मिळतें. तें खरेंही असतें. परंतु कधीं कधीं त्यामागें नवऱ्याचा हात असतो. तेव्हां पुढचा प्रश्न विचारला जातो कीं नाहीं, यावर तिचें आरोग्य अवलंबून राहतें. आज त्याच प्रश्नाविषयीं बोलावयाचें आहे.

मारहाणीचा परिणाम जखमेपुरता राहत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें, पतीकडून छळ सोसणाऱ्या स्त्रियांत विषण्णतेचा विकार जवळजवळ दुप्पट आढळतो, आणि त्यांचें मूल कमी वजनाचें जन्मण्याची शक्यताही वाढते. म्हणजे एका पिढीवरील आघात दुसरीच्या अंगावर उमटतो.

हें दुःख कोणत्याही एका जातीचें नव्हे. पण त्याचा भार सर्वांवर सारखा नाहीं. २०१९ ते २१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १८ ते ४९ वर्षांच्या विवाहित स्त्रियांपैकीं शेकडा सुमारें २९ जणींनीं पतीची हिंसा अनुभवल्याचें आढळलें. अनुसूचित जातींतील स्त्रियांत हें प्रमाण सरासरीहून अधिक आहे. अमेरिकेंतही २०१० च्या पाहणींत गोऱ्या स्त्रियांपैकीं शेकडा ३५, तर कृष्णवर्णीय स्त्रियांपैकीं शेकडा ४४ जणींना आयुष्यांत केव्हांतरी जोडीदाराकडून अत्याचार सोसावा लागल्याचें दिसलें. याचें कारण त्यांच्या घरच्या पुरुषांचा स्वभाव हें नव्हे. अपुरी मजुरी, दाटीवाटीची वस्ती आणि तक्रार करावयास गेल्यावर वाट्यास येणारी अवहेलना, हीं त्याचीं कारणें होत. जिला घराबाहेरही अपमानाचीच भीति, ती घरांतला मार कोणापाशीं उघड करणार?

नागपूरच्या दलित स्त्रियांनीं मात्र हा विषय फार पूर्वीं चव्हाट्यावर आणला होता. २० जुलै १९४२ रोजीं याच शहरांत सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखालीं दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. स्त्रीला घटस्फोटाचा हक्क असावा, बहुपत्नीकत्व कायद्यानें बंद व्हावें, गिरण्यांतील स्त्रियांना रजा मिळावी, असे ठराव तेथें झाले. घरचें दुःख आणि कामावरचें दुःख एकाच व्यासपीठावर मांडणें, हें त्या परिषदेचें वैशिष्ट्य होय. घटस्फोटाचा हक्क आणि एकपत्नीत्वाचें बंधन देणारा हिंदु विवाह कायदा त्यानंतर तेरा वर्षांनीं, १९५५ सालीं, आला.

कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलांत आहे. त्याप्रमाणें पीडित स्त्रीनें मागणी केल्यास रुग्णालयानें तिला उपचार दिलेच पाहिजेत. घटनेची नोंद आधीं झालेली नाहीं, या सबबीवर ते नाकारतां येत नाहींत. पण मागणी करावयास तोंड उघडलें पाहिजे, आणि वर सांगितलेल्या पाहणींत मार सोसलेल्या शंभरांतील ७७ जणींनीं तो ना कोणास सांगितला, ना मदत मागितली. म्हणून विचारण्याचें काम रुग्णालयानेंच अंगावर घेतलें पाहिजे. मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनीं २००० सालीं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयांत सुरू केलेलें ‘दिलासा’ केंद्र याच विचारावर उभें राहिलें. परिचारिका व डॉक्टर यांना खुणा ओळखावयास शिकवावें, नवऱ्याला बाहेर बसवून बाईशीं एकांतांत बोलावें, जखमेची नीट नोंद करावी, आणि घरीं परतणें सुरक्षित आहे काय, हें तिच्याबरोबर बसून ठरवावें, अशी ही रीत आहे. तिला यंत्रें लागत नाहींत. थोडा वेळ आणि आदर लागतो.

सुशिक्षित घरांनाही यांत वाटा उचलतां येईल. आपल्याकडे धुणीं-भांडीं करणारी बाई चेहरा झांकून आली, तर तिची रजा कापण्यापूर्वीं एकांतांत चौकशी करावी. १८१ हा मदतीचा दूरध्वनि-क्रमांक तिला सांगावा, आणि तिची इच्छा असल्यास रुग्णालयापर्यंत सोबत करावी. उपदेश करूं नये. निर्णय तिचाच असूं द्यावा. आणि हाच प्रश्न स्वतःच्या माजघरांतही विचारण्याचें धैर्य ठेवावें, कारण तेथेंही ‘पाय घसरला’ हें उत्तर ऐकूं येत नाहीं असें नाहीं.