खडावा घातलेली गोळी

आमच्या जबलपुरात दारूगोळा हा घरगुती विषय आहे. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ची, खमरियाचा दारूगोळा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. दर चार घरांआड कोणी ना कोणी 'जीसीएफ'मधून नाहीतर 'ओएफके'मधून निवृत्त झालेलं सापडतं. त्यामुळे शेजारच्या काकांच्या टेबलावर .३१५ रायफलीची एक रिकामी पितळी पुंगळी कागद दाबायला ठेवलेली असते, याचं कुणालाही नवल वाटत नाही. तिच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरं आहेत, म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा माल. गेल्या महिन्यात काकांच्या नातवाने ती उचलली आणि मोबाइलवर पाहिलेलं एक 'तंत्र' सांगायला लागला: मोठ्या रायफलीच्या काडतुसात प्लॅस्टिकच्या वेष्टनात बारीक गोळी घरीच बसवायची, की रायफल दुप्पट ताकदवान! पोरगा हुशार आहे, म्हणूनच मला काळजी वाटली. त्याच्या बोलण्यात सगळे गैरसमज एका दमात आले होते.

त्या वेष्टनाला 'सॅबो' म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लाकडी पादत्राण, म्हणजे आपली खडावच. गोळी नळीपेक्षा बारीक असते, मधली जागा सॅबो भरतो. दारूच्या वायूचा दाब तोच पेलतो, नळीतल्या पिळाच्या खाचाही तोच पकडतो आणि तोंडाबाहेर पडताच हवेच्या रेट्याने पाकळ्या उघडून गळून पडतो. पुढे एकटी गोळी जाते.

हा शोध अलीकडचा आहे, असं नातवाला वाटत होतं. पण तोफेच्या गोळ्याला लाकडी बूड पत्र्याच्या पट्ट्यांनी बांधायची रीत एकोणिसाव्या शतकातच होती. आपल्या मध्य प्रांताच्या जंगलांत नोकरी केलेला, पचमढीत १८६२मध्ये बायसन लॉज बांधणारा जेम्स फोर्सिथ शिकारीच्या रायफलींवर पुस्तक लिहिणारा जाणकार होता. त्याच्या पसंतीची रायफल तोंडाकडून भरायची आणि तिच्या गोल गोळीला तेलकट कापडाची चकती लागायची. पीळ ती चकती पकडायची आणि बाहेर पडताच ती सुटायची. सॅबोचं काम त्या चिंधीने आधीच केलं होतं.

आता 'दुप्पट ताकद'. अमेरिकेतल्या रेमिंग्टन कंपनीने १९७७पासून ॲक्सिलरेटर नावाची अशी काडतुसं विकली. त्यांच्या .३०-०६ काडतुसात साडेतीन ग्रॅमची बारीक गोळी सेकंदाला सुमारे १,२४० मीटर वेगाने सुटायची. वेग खरोखर थक्क करणारा, आणि कारण सोपं: बैलजोडी तीच, गाडीतलं ओझं कमी. पण ऊर्जेचा हिशेब मांडा. ती भरते सुमारे २,७५० ज्यूल. त्याच रायफलीची ९.७ ग्रॅमची नेहमीची गोळी ८९० मीटरच्या आसपास वेगाने सुटते आणि सुमारे ३,८०० ज्यूल घेऊन जाते. वेग वाढला, तडाखा घटला. शिवाय हलक्या गोळीचा वेग हवेत लवकर गळतो, वाराही तिला जास्त ढकलतो. ती काडतुसं लहान, उपद्रवी प्राण्यांसाठी होती, मोठ्या जनावरासाठी नव्हेच.

नेमकेपणाचंही तसंच. दहा इंचांत एक फेरा देणाऱ्या नळीतून त्या वेगाने निघालेली गोळी सेकंदाला जवळपास ४,९०० गिरक्या घेते. सॅबोच्या मधोमध ती केसभरही चुकली, किंवा एक पाकळी दुसरीच्या आधी सुटली, की निशाणा बिघडलाच.

'मग रणगाडे कसे वापरतात?' हा नातवाचा हुकमी प्रश्न. रणगाड्याचा बाण ही निराळीच वस्तू आहे. टंगस्टनची लांब, जड कांडी, शेपटीला पंख, भोवती हलक्या धातूच्या पाकळ्या. भारतात त्या कांडीचा मिश्रधातू तिरुचिरापल्लीच्या कारखान्यात घडतो. तिथे वजन राखून वेग वाढवलेला असतो आणि लक्ष्य असतं पोलाद. खेळातल्या रायफलीशी त्याचं साम्य पादत्राणापुरतंच.

घरी भरण्याबद्दल मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. 'गोळी हलकी, म्हणून दाबही कमी' हे धरून चालणं जिवावर बेततं. दाब दारूच्या जळण्याच्या गतीवर, जागेवर, घट्टपणावर ठरतो; कारखान्यात तो यंत्राने मोजून पाहतात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर नाही. सॅबोचा तुकडा नळीत अडकून राहिला आणि मागून दुसरा बार झाला, तर नळी फुगते किंवा फाटते, आणि ती गालापासून वीतभर अंतरावर असते.

'परवाना आहे, मग काडतूस आपण का भरू नये?' शस्त्र परवाना म्हणजे शस्त्र बाळगण्याची मुभा, निर्मितीची नव्हे. १९५९च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रंसुद्धा येतात. निर्मितीसाठी वेगळा परवाना लागतो. तो नसेल तर २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांचा, जास्तीत जास्त जन्मठेपेचा तुरुंगवास. शिकारीची गोष्ट तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच मिटवली आहे. कान्ह्याच्या जंगलातल्या रस्त्यावर कोणत्याही बोअरची रायफल घेऊन गेलात, तरी तिथे गोळीला जागा नाही.

काकांची पुंगळी मात्र टेबलावर राहू शकते. जोडीचे भाग लावून वापरायचा इरादा नसलेले किरकोळ सुटे भाग शस्त्र कायद्याच्याच ४५व्या कलमाने सोडून दिले आहेत. नातवाने ती पुन्हा कागदांवर ठेवली, मग बुडाची अक्षरं निरखत विचारलं, 'खडकीत हे काडतूस कसं तपासत असतील हो?' काकांनी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.