एकही फोटॉन सांडू नये म्हणून

2008 सालापर्यंत प्रकाशाचे क्वांटम प्रयोग टेबलावर होत. टेबल कसलं, खोलीभर पसरलेला जडशीळ पोलादी ओटाच तो. त्यावर बोल्टने आवळलेले आरसे, भिंगं, प्रकाशविभाजक. एखादा आरसा केसभर सरकला की संशोधक विद्यार्थ्याची रात्र वाया गेलीच. त्या वर्षी ब्रिस्टल विद्यापीठातल्या अल्बर्टो पोलिटी, जेरेमी ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी ही सारी मांडणी सिलिकॉनवर चढवलेल्या सिलिका काचेच्या थरात उतरवली आणि तिच्यावर दोन फोटॉनांचं ‘सीनॉट’ हे तर्कद्वार चालवून दाखवलं. पुढच्या वर्षी तसल्याच चिपवर 15 चे 3 आणि 5 असे अवयव पाडले. हे गणित शाळकरी पोरही तोंडी सोडवेल. पण आरसे हलायचे कायमचे थांबले, ही खरी बातमी होती.

प्रकाशाची उपकरणं एका चकतीवर एकत्र कोरावीत ही कल्पना बेल लॅब्जच्या स्ट्यूअर्ट मिलर यांनी 1969 मध्येच मांडली होती. आज ती सिलिकॉनवर साकारते. सुमारे 500 नॅनोमीटर रुंद आणि 220 नॅनोमीटर जाड अशी सिलिकॉनची पट्टी, भोवती काच. सिलिकॉनचा अपवर्तनांक साधारण 3.5, काचेचा 1.44, या मोठ्या फरकामुळे प्रकाश पट्टीतच कोंडला जातो आणि काही मायक्रोमीटरच्या वळणावरही बाहेर पडत नाही. अशा दोन पट्ट्या एकमेकींना जवळजवळ खेटून थोडं अंतर चालवल्या की एकीतला प्रकाश दुसरीत झिरपतो. किती अंतर चालवायच्या ते नेमकं ठरवलं की अर्धा इकडे, अर्धा तिकडे. झाला प्रकाशविभाजक तयार. पट्टीवर धातूची बारीक तार घालून ती तापवली की अपवर्तनांक बदलतो आणि लहरीची कला पुढेमागे करता येते. यंत्रसामग्री म्हणाल तर मुख्यतः एवढीच.

या विभाजकावर दोन बाजूंनी दोन हुबेहूब सारखे फोटॉन एकाच क्षणी आले, तर ते कधीच वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडत नाहीत. जोडीनेच एका वाटेने जातात. हाँग, ऊ आणि मँडेल यांनी 1987 मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात हे दाखवलं. ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी 1924 साली आइनस्टाइनकडे धाडलेल्या निबंधातली सांख्यिकीच इथे उघड्या डोळ्यांनी दिसते. फोटॉन एकमेकांना ढकलत नाहीत, ओढत नाहीत. त्यांच्यात जो काही व्यवहार घडवायचा, तो याच गुणावर.

आणि घोडं पेंड खातं ते इथेच. क्निल, लाफ्लाम आणि मिलबर्न यांनी 2001 मध्ये सिद्ध केलं की नुसते आरसे, विभाजक, एकेक फोटॉन आणि शोधक एवढ्या भांडवलावर पूर्ण क्वांटम संगणक उभा राहू शकतो. पण त्यातली प्रत्येक महत्त्वाची क्रिया नशिबावर असते. दोन फोटॉन सांधायची साधी रीत सरासरी निम्म्या वेळा फसते. चिपवर फोटॉन जन्माला येणं हीदेखील सोडतच. उपाय एकच : खूप स्रोत ठेवायचे, ज्याचा फोटॉन आला त्याला झटकन योग्य वाटेवर वळवायचं. या निर्णयाला नॅनोसेकंद लागला तरी तेवढ्यात फोटॉन फायबरमध्ये 20 सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. तापणारी तार इथे फारच मंद. म्हणून बेरियम टायटेनेटसारखे विजेच्या दाबाने झटकन अपवर्तनांक बदलणारे पदार्थ चिपवर आणावे लागतात.

जितकी वळणं, जितके स्विच, तितकी गळती. कालव्याची गळती वरून जास्त पाणी सोडून भरून काढता येते, टेलिफोन कंपन्या फायबरमध्ये वर्धक बसवून तेच करतात. क्वांटम अवस्थेची मात्र नक्कल करता येत नाही, हे 1982 मध्येच सिद्ध झालंय. हरवलेला फोटॉन हरवला. आता आकडे पाहा : चांगल्या फायबरमध्ये किलोमीटरला 0.2 डेसिबल, म्हणजे साडेचार टक्के प्रकाश जातो. सर्वसाधारण सिलिकॉन पट्टीत सेंटिमीटरला 2 डेसिबल, म्हणजे तब्बल 37 टक्के! त्यामुळे आता सिलिकॉन नायट्राइडकडे ओढा आहे. त्याची पट्टी कित्येक पटींनी कमी गळते.

ओब्रायन यांच्या साय-क्वांटम कंपनीने फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर केलेला ‘ओमेगा’ चिपसंच न्यूयॉर्क राज्यातल्या ग्लोबलफाउंड्रीजच्या कारखान्यात, नेहमीच्या चिपांसारखाच बनतो. तिच्या ब्रिस्बेनमधल्या प्रकल्पाला ऑस्ट्रेलिया आणि क्वीन्सलँड सरकारांनी 94 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ केलेत. (जाता जाता : कंपनीचे एक संस्थापक टेरी रुडॉल्फ हे श्रोडिंगरचे नातू.) टोरंटोच्या झानाडूने त्याच वर्षी ‘ऑरोरा’ दाखवला : चार रॅक, 35 फोटॉनिक चिपा, 13 किलोमीटर फायबर आणि क्युबिट, म्हणजे क्वांटम माहितीची एककं, फक्त 12. अशा यंत्रांची ‘खोलीच्या तापमानात’ ही जाहिरात अर्धीच खरी. फोटॉन उन्हाळ्यातही टिकतो हे खरं, पण त्याला अचूक टिपणारे अतिसंवाहक शोधक गारठवल्याशिवाय चालत नाहीत.

माझ्या मते या तंत्राचा पहिला उपयोग फोटॉनच्या संगणकाला होणार नाही, आयनांच्या क्वांटम संगणकाला होईल. त्यात सापळ्यात धरलेल्या प्रत्येक आयनावर लेसर नेमका रोखावा लागतो. 2020 मध्ये एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने आणि झुरिकच्या ईटीएचने सापळ्याच्या चिपमध्येच प्रकाशमार्ग कोरून हे काम केलं. तिथे थोडा प्रकाश गळला तर लेसर वाढवता येतो.

आपल्याकडे 2023 मध्ये मंजूर झालेल्या 6,003.65 कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाने आठ वर्षांत 50 ते 1000 क्युबिटांचं लक्ष्य ठेवलंय आणि त्यात फोटॉनिक वाटेचं नाव स्पष्ट आहे. मुंबई आयआयटीकडे त्यातल्या संवेदन आणि मापनाची धुरा आहे, तर मद्रास आयआयटीत प्रोग्रॅम करता येणाऱ्या फोटॉनिक चिपांचं केंद्र आहे. येत्या काळात देशी-परदेशी घोषणांचा पाऊस पडेल. बातमी वाचताना क्युबिटांची संख्या बाजूला ठेवा, गळती किती डेसिबल ते शोधा. तो आकडा दिलाच नसेल, तर बातमी सोडून दिलीत तरी चालेल.