मोटर जळाली म्हणण्याआधी

दसरा ओलांडला की जळगाव-धुळ्याच्या छापखान्यांत कटिंग मशीनला उसंत नसते. रोजमेळ-खतावणीच्या वह्या, कॅलेंडरं, मिठाईचे खोके आणि तुळशीचं लग्न लागायच्या आत हव्या असलेल्या लग्नपत्रिका. छपाई कुठल्याही यंत्रावर होवो, शेवटी माल त्या एकाच पात्याखालून जातो. कागदाचं या मुलखाला अप्रूप नाही. भुसावळहून खंडव्याकडे निघालं की नेपानगर लागतं. देशातला पहिला न्यूजप्रिंटचा कारखाना तिथलाच, 1956 साली पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झालेला. अशा ऐन हंगामात कटरची मोटर उठत नाही. "काय व्हयनं रे भो?" म्हणून विचारेपर्यंत कोणीतरी निदान सांगूनही टाकतं: मोटर जळाली.

हे निदान शेतातून आलेलं आहे. केळीच्या पट्ट्यात विहिरीवरची मोटर जळणं घरोघरचं, त्यामुळे बंद पडलेली प्रत्येक मोटर जळालेलीच वाटते. कटरचं गणित मात्र वेगळं. फ्लायव्हील असलेल्या मशीनमध्ये पातं कागदात उतरताना लागणारा जोर मुख्यतः त्या जड चाकातून येतो. मोटरने चाक फिरतं ठेवायचं एवढंच. अशी मोटर वर्षानुवर्षं टिकते. बिघाड बहुधा तिच्या अलीकडे असतो, मेन स्विच ते स्टार्टर या वाटेवर.

हिरवं बटण दाबल्यावर काय ऐकू येतं, तिथून सुरुवात करावी. मोटर नुसती घुमत असेल आणि फिरत नसेल, तर आधी लाल बटण. थांबलेली मोटर नेहमीच्या सहा-सात पट करंट खेचते, आणि दोन-तीन वेळा 'बघू तरी' म्हणत बटण दाबलं की तेव्हा ती खरंच जळते. घुमण्याचं नेहमीचं कारण म्हणजे तीनपैकी एक फेज गेलेला. किटकॅटमधली तार उडालेली असते, डीपीवरचा फ्यूज गेलेला असतो, नाहीतर केबलचं टोक ढिलं होऊन काळं पडलेलं असतं.

इथे टेस्टरवर विसंबू नये. गेलेल्या फेजवरही टेस्टर पेटतो, कारण त्याच लाइनवर चालू असलेल्या दुसऱ्या मोटरच्या वायंडिंगमधून थोडा व्होल्टेज उलटा परत येतो. 'तिन्हीवर लाइट येतोय' म्हणून मग मोटर उतरवली जाते. मल्टीमीटर घेऊन दोन-दोन फेजमधला व्होल्टेज मोजावा. तिन्ही जोड्या 415 च्या आसपास आणि एकमेकांच्या जवळ हव्यात. सगळीकडेच कमी येत असेल तर तेही कारण असू शकतं: मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणजे 80 टक्के व्होल्टेजला ती 64 टक्केच उरते.

मेच्या शेवटी वादळ येतं, रावेर-यावलकडे केळीबरोबर खांबही आडवे होतात. लाइन परत आली की पंखे फिरतात, संगणक चालतो, कटर मात्र गप्प. जोडकामात फेजचा क्रम उलटलेला असतो आणि पॅनलमधला फेज प्रिव्हेंटर मोटरला उठू देत नाही. त्याचा लाल दिवा बघितला की अर्धं काम झालं.

स्टार्टरमध्ये 'खट्' आवाज येतो आणि मोटर मुकी राहते, तेव्हा संशय कॉन्टॅक्टरवर. मेन बंद करून, किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवून झाकण उघडावं. आतले कॉन्टॅक्ट पॉइंट खड्डे पडून काळवंडलेले दिसतात, एखादा तर वितळून अर्धा झालेला. पॉलिश पेपरने घासून दिवाळी निघेल, पण किट बदलणंच शहाणपणाचं. ओव्हरलोड रिलेचा खानदेशी गुण वेगळा. त्यातली द्विधातू पट्टी उष्णतेने वाकते. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 वर आणि पॅनल पत्र्याच्या छपराखाली, म्हणजे पट्टी आधीच तापलेली. दुपारी ट्रिप होणारी मशीन सकाळी बिनतक्रार चालते ती यामुळे. त्यावर रिलेचा काटा पुढे सरकवणं हा उपाय नव्हे. काटा मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरवरच हवा. पॅनलला हवा मिळाली पाहिजे.

आणि 'खट्' सुद्धा येत नसेल तर? बहुधा सुरक्षेची साखळी कुठेतरी तुटलेली असते. तातडीचं लाल बटण दाबलेलं राहून गेलेलं असतं. हे इतकं साधं असतं की शेवटी सापडतं. मागच्या टेबलाच्या झाकणाचा लिमिट स्विच असतो. पात्यासमोरच्या प्रकाशाच्या पडद्यात हात आला की यंत्र थांबतं, काही मशीनवर पडदा मोकळा झाल्याशिवाय मोटरही सुरू होत नाही. छापखान्यात या सगळ्यांचा वैरी एकच, कागदाची भुकटी. पडद्याच्या काचेवर ती बसली की यंत्राच्या लेखी कोणाचा तरी हात कायम पात्याखाली असतो. सुती फडक्याने काच पुसली, लिमिट स्विचच्या दांडीत अडकलेली कात्रणाची पट्टी चिमट्याने ओढून काढली, की हजारोंचा खर्च वाचल्यासारखं वाटतं.

याच जागी सगळ्यात वाईट जुगाडही होतो. घाईत स्विचच्या दोन वायरी पिळून एकत्र केल्या जातात, किंवा दोन हातांच्या बटणांपैकी एकात आगकाडी खोचली जाते. माल वेळेवर जातो आणि वायर तशीच राहते. दोन बटणं आहेत ती पातं उतरताना दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून. धोकादायक भागांना आडोसा हवा, हे 1948 च्या कारखाना कायद्याने कलम 21 मध्ये लिहिलं होतं. माझ्या मते आगकाडी खोचलेल्या मशीनवर काम करायला कटरमनने साफ नकार द्यावा. मालक चिडला तरी.

एवढं तपासून झाल्यावर मोटरकडे वळावं. पट्टा उतरवून फ्लायव्हील हाताने फिरतं का पाहावं. अडत असेल तर दोष बेअरिंगचा किंवा क्लचचा. वायंडिंगच्या तिन्ही जोड्यांचा रेझिस्टन्स सारखा भरला आणि 500 व्होल्टच्या मेगरवर बॉडीशी किमान एक मेगओहम आला, तर मोटर शाबूत समजावी. नाही आला तर रिवाइंडिंगला न्यावी, पण पाटीचा फोटो काढून. तारेचा गेज आणि वेढे मूळचेच ठेवायला सांगावेत, बेअरिंग त्याच वेळी बदलून घ्यावेत. परत बसवताना पट्टा चढवण्याआधी मोटर एकदा मोकळी सुरू करून दिशा पाहावी. उलटी फिरली तर मेन बंद करून तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करायची.