अर्सुफच्या वाटेवरची व्यूहरचना

1191 मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड पहिला याची क्रुसेडर फौज पॅलेस्टाइनमधल्या एकर शहरातून जाफाकडे किनाऱ्याने निघाली. उजवीकडे समुद्र आणि रसद पुरवणारी गलबते. डावीकडे मुस्लिम सुलतान सलाउद्दीनचे घोडेस्वार तिरंदाज. म्हणून जमिनीच्या बाजूला पायदळाची भिंत, मध्ये सरदारांचे घोडदळ, पाण्यालगत सामानसुमान. जाड नमद्याच्या अंगरख्यांत बाण रुतलेले असतानाही शिपाई रांग न मोडता चालत, असे सलाउद्दीनच्या पदरच्या बहाउद्दीनने लिहून ठेवले आहे. पण खरी किंमत घोड्यांची होती. ते मेले की हल्ल्याचे बळच सरे. 7 सप्टेंबरला अर्सुफजवळ आघाडीला टेम्पलर आणि पिछाडीला हॉस्पिटलर या लढवय्या ख्रिस्ती पंथांचे सरदार होते. घोडी पटापट पडू लागल्यावर हॉस्पिटलरांनी रिचर्डच्या इशाऱ्याआधीच मुसंडी मारली. रिचर्डने लगोलग उरलेले घोडदळही सोडले आणि लढाई जिंकली.