उतारावरील शेती व मातीचे रक्षण : फिलिपाइन्समधील क्लावेरिया

फिलिपाइन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश आहे. त्यांपैकी दक्षिणेकडील मिंदानाओ हे दुसऱ्या क्रमांकाचे मोठे बेट होय. या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर मिसामिस ओरिएन्तल हा प्रांत वसलेला असून कागायान दे ओरो हे बंदराचे शहर त्याचे मुख्य ठाणे आहे. या शहराच्या ईशान्येस सुमारे ४० किलोमीटरवर, किनारा सोडून डोंगर चढून गेल्यावर, क्लावेरिया नावाचा डोंगराळ प्रदेश लागतो. तेथील शेतकऱ्यांनी उतारावरील माती कशी राखली, पहिला उपाय का टाकला व दुसरा का स्वीकारला, हा वृत्तांत विस्तारकार्य करणाऱ्या प्रत्येकास विचार करावयास लावणारा आहे.

गाव व कारभार

क्लावेरिया ही ‘म्युनिसिपालिटी’ आहे. परंतु या शब्दावरून शहराची कल्पना करू नये. फिलिपाइन्समध्ये म्युनिसिपालिटी म्हणजे अनेक गावांचा मिळून झालेला कारभाराचा घटक असतो. आकाराने व स्वरूपाने तो लहानशा तालुक्याच्या जवळ येतो. क्लावेरियात २४ गावे असून एकंदर लोकवस्ती सुमारे ५० हजार आहे. गावास तेथे ‘बारांगाय’ म्हणतात व त्यातील वाडीस ‘सितियो’. प्रत्येक बारांगायास लोकांनी निवडलेला प्रमुख व सात सभासद असतात. संपूर्ण म्युनिसिपालिटीचा कारभार निवडून आलेला मेयर व त्याचे सभासद मंडळ पाहते.

१९९१ साली त्या देशात स्थानिक स्वराज्याचा नवा कायदा झाला. त्यापूर्वी शेतीविस्ताराचे कर्मचारी मध्यवर्ती सरकारचे होते. या कायद्याने ते काम स्थानिक संस्थांकडे आले. राष्ट्रीय महसुलातून मिळणाऱ्या वाट्यापैकी किमान वीस टक्के रक्कम विकासकामांसाठी राखून ठेवण्याचे बंधनही या संस्थांवर पडले. पुढे मातीरक्षणाच्या कामात या तरतुदीचा मोठा उपयोग झाला.

जमीन, हवा व पिके

क्लावेरियाचा प्रदेश ज्वालामुखीच्या खडकापासून बनलेला आहे. खालचा भाग समुद्रसपाटीपासून काही शे मीटर उंचीवर असून वरचा भाग नऊशे मीटरांच्या आसपास पोहोचतो. वर्षाकाठी सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जूनपासून वर्षअखेरपर्यंत पाऊस भरपूर असतो व फेब्रुवारी ते एप्रिल हे महिने त्या मानाने कोरडे जातात. माती खोल, चिकण व पाण्याचा निचरा चांगला होणारी आहे. पण ती आम्लधर्मी असल्याने घातलेले स्फुरद पिकास सहजासहजी मिळत नाही. म्हणून चुन्याची मात्रा व स्फुरदयुक्त खत यांस तेथे विशेष महत्त्व आहे.

मका हे मुख्य पीक. वर्षातून दोन वेळा ते घेतले जाते : पहिले पावसाच्या प्रारंभी व दुसरे पहिल्याच्या कापणीनंतर. पांढऱ्या मक्याच्या कण्या शिजवून भाताप्रमाणे खाल्ल्या जातात. पिवळा मका पशुपक्ष्यांच्या खाद्यासाठी विकला जातो. याशिवाय कसावा, पावसावरील डोंगरी भात, केळी व फळझाडे आहेत. वरच्या थंड भागात टोमॅटो व इतर भाजीपाला होतो आणि तो ट्रकांनी कागायान दे ओरोच्या बाजारात जातो. नांगरास बैल किंवा पाणम्हैस जुंपण्याची रीत येथे चालत आली आहे.

या डोंगरांचे मूळ रहिवासी हिगाओनोन हे आदिवासी लोक होत. दुसऱ्या महायुद्धानंतर विसाया बेटांतून व किनाऱ्यावरून जमिनीच्या शोधात अनेक कुटुंबे येथे आली. जंगल तुटले, काही भागांत गुरांची कुरणे झाली, आणि ‘कोगोन’ या दर्भासारख्या राठ गवताने व्यापलेली जमीन पुढे नांगराखाली आली. मैदानात जागा उरली नाही म्हणून माणूस डोंगर चढला, हीच या शेतीची थोडक्यात हकीकत आहे.

उतारावर नांगर चालल्याने काय घडते

जंगलाखालील जमिनीवर पाला पडलेला असतो व मुळांचे जाळे माती धरून ठेवते. तीच जमीन नांगरून मोकळी केली म्हणजे पावसाचा थेंब सरळ मातीवर आदळतो, कण सुटतात आणि वाहते पाणी त्यांस खाली नेते. पहिल्या मक्याची पेरणी पावसाच्या आरंभीच होत असल्याने, जमीन उघडी असतानाच जोराच्या सरी कोसळतात. दोन पिकांसाठी वर्षातून दोन वेळा जमीन उघडी पडते.

या हानीची कल्पना एका साध्या हिशेबाने येईल. एक हेक्टर जमिनीवरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तर दहा घनमीटर म्हणजे सुमारे बारा टन माती जाते. एक मिलिमीटर डोळ्यांस दिसत नाही. म्हणून शेतकऱ्यास नुकसान झाले असे वाटतच नाही. परंतु जाते ती वरची, सेंद्रिय द्रव्याने युक्त अशी माती, आणि तिच्याबरोबर विकत घेऊन टाकलेले खतही जाते. आम्लधर्मी जमिनीत वरचा थर गेला की खाली उरणारी माती अधिकच नापीक असते.

पहिला उपाय व त्याच्या मर्यादा

मिंदानाओतच, दक्षिण दावाओ प्रांतातील बान्सालान येथे, १९७० नंतरच्या दशकात उतारावरील शेतीची एक पद्धत तयार झाली. तीत समपातळी रेषेवर सुबाभूळ, गिरिपुष्प यांसारख्या द्विदल झाडांची दाट कुंपणे लावावयाची व दोन कुंपणांमध्ये पिके घ्यावयाची. कुंपणे माती अडवितात आणि त्यांचा छाटलेला पाला हिरवळीचे खत होतो. ही पद्धत तयार करणारे हॅरल्ड वॉटसन यांस १९८५ साली रामोन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९८०च्या दशकात आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने क्लावेरियात डोंगरी शेतीचे संशोधन सुरू केले. १९८७च्या सुमारास येथील काही शेतकऱ्यांस सेबू बेटावर नेण्यात आले. तेथे डोंगरी शेतकऱ्यांनीच त्यांस समपातळी रेषा आखण्याचे व कुंपणे लावण्याचे शिक्षण दिले. परत आल्यावर त्यांनी आपल्या शेतात कुंपणे लावली.

परंतु ही कुंपणे फारशी पसरली नाहीत. झुडपे वर्षातून अनेक वेळा छाटावी लागत आणि ती वेळ नेमकी पेरणी-खुरपणीची असे. त्यामुळे घरच्या मनुष्यबळावर मोठा ताण पडे. आम्लधर्मी मातीत काही झाडे नीट वाढत नसत. झाडांची मुळे व सावली शेजारच्या मक्याच्या ओळींस बाधक होई. बी व रोपे मिळणे कठीण होते. त्यातच १९८०च्या दशकाच्या मध्यास सुबाभळीवर सायलिड ही रस शोषणारी कीड पडून फिलिपाइन्सभर तिचे नुकसान झाले होते. उपाय चांगला होता. पण लहान शेतकऱ्याच्या हातास पेलणारा नव्हता.

गवताचे नैसर्गिक पट्टे

या ठिकाणी शेतकऱ्यांनी स्वतःची बुद्धी चालविली. कुंपणासाठी समपातळी रेषा आखून तेवढा पट्टा काहींनी न नांगरता सोडला होता. पण त्यावर झाडे लावणे जमले नाही. पट्ट्यावर आपोआप गवत उगवले, आणि तेवढ्यानेच माती अडू लागली असे दिसून आले. तेव्हा झाडे न लावता केवळ अर्धा मीटर रुंदीचा पट्टा नांगराविना सोडावयाचा, ही रीत रूढ झाली. यात बी नको, रोपे नकोत, पैसाही नको. गवत वाढले तर कापून गुरांस घालावे अथवा पिकाच्या ओळींत आच्छादन म्हणून पसरावे, एवढेच काम उरते.

पट्ट्याचे कार्य सोपे आहे. उतारावरून येणारे पाणी गवताच्या दाट बुडख्यांत अडून मंद होते. मंद पाणी माती वाहून नेऊ शकत नाही. ती पट्ट्याच्या वरच्या अंगास बसते. नांगरटीबरोबरही दरवर्षी थोडी माती खाली सरकते व पट्ट्याशी येऊन थांबते. अशा रीतीने काही वर्षांत, एकही टोपली माती न उचलता, शेतात पायऱ्या तयार होतात.

पट्टे आखण्याची रीत

समपातळी रेषा शोधण्यासाठी ‘ए’ आकाराची लाकडी चौकट वापरतात. सुमारे दोन मीटर लांबीचे दोन दांडे वरच्या टोकांस एकत्र बांधावे, मध्ये आडवी पट्टी बांधावी आणि शेंड्यापासून दोरीने दगड लोंबता सोडावा. चौकट जमिनीवर उभी करून दोन्ही पायांच्या जागी खुंट्या माराव्या व दोरी आडव्या पट्टीस जेथे स्पर्श करते तेथे खूण करावी. मग चौकट फिरवून डावा पाय उजव्याच्या जागी व उजवा डाव्याच्या जागी ठेवावा आणि दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांचा मध्य ही समपातळीची खूण होय. एक पाय स्थिर ठेवून दुसरा पाय दोरी त्या खुणेवर येईपर्यंत वर-खाली सरकवीत गेल्यास समपातळी रेषा मिळते.

क्लावेरियातील शेतकऱ्यांनी याहूनही सोपी युक्ती काढली. नांगरास जुंपलेल्या बैलाच्या मागे चालताना ते त्याच्या पाठीकडे पाहत. पाठ पुढे वर चढलेली दिसली तर बैल चढावर जात आहे, पुढे झुकलेली दिसली तर उतारावर. पाठ सपाट राहील अशा बेताने तास धरला की रेषा समपातळीच्या जवळ राहते. यात काटेकोरपणा थोडा कमी असतो. पण एकटा माणूस सकाळच्या नांगरटीतच पट्टे पाडू शकतो.

दोन पट्ट्यांतील अंतराचाही विचार केला पाहिजे. अर्धा मीटरचा पट्टा दर चार मीटर पिकाच्या जमिनीमागे सोडल्यास सुमारे अकरा टक्के जमीन पट्ट्यांत जाते. आठ मीटरांमागे सोडल्यास सुमारे सहा टक्केच जाते. प्रारंभी पट्टे जवळ-जवळ आखण्याची शिफारस असे. पुढे अंतर वाढविले तरी बरीच माती अडते, असे अनुभवास आले. ज्याची जमीन थोडी आहे त्याने विरळ पट्ट्यांनी प्रारंभ करावा, हे पट्टे मुळीच न सोडण्यापेक्षा निश्चित श्रेयस्कर आहे.

उरलेले प्रश्न

पट्ट्यांनी सर्व काही साधले असे नाही. दोन पट्ट्यांमधील माती खालच्या बाजूस साचत गेल्याने वरच्या बाजूस खालची नापीक माती उघडी पडते. तेथे मका पिवळा व खुरटा दिसतो, तर खाली जोमदार येतो. म्हणून शेणखत, चुना व खत यांचा अधिक भाग वरच्या अंगास देणे, तसेच सऱ्या-वरंबे कायम ठेवून नांगरट कमी करणे, हे उपाय सांगण्यात आले.

दुसरा प्रश्न पट्ट्यापासून उत्पन्न काढण्याचा. अनेकांनी पट्ट्यांवर अननस, केळी, फळझाडे, वैरणीची गवते किंवा इमारती लाकडाची झाडे लावली. त्यांत महाराष्ट्राच्या रानांत परिचित असलेली शिवणही होती. ती तेथे ‘मेलिना’ नावाने ओळखली जाते. परंतु सर्वांनी एकच जलद वाढणारे झाड लावले की ते एकाच वेळी तोडणीस येते व भाव उतरतो. उत्तर मिंदानाओत शिवणीच्या लाकडाचे असेच झाले.

तिसरा प्रश्न हक्काचा. जो वाट्याने किंवा खंडाने जमीन कसतो, तो दहा वर्षांनी फळ देणारे झाड लावण्यास धजत नाही. शिवाय १९७५च्या वनकायद्यानुसार अठरा टक्के व त्याहून अधिक उताराची जमीन सामान्यतः खाजगी मालकीत देता येत नाही. उद्या जमीन आपल्याकडे राहील की नाही ही शंका असेल, तर आजचे श्रम कोणी घालावे? गवताचा पट्टा खर्चाविना होत असल्यामुळेच कुळासही तो परवडला.

शेतकऱ्यांची मंडळे

१९९३ साली आंतरराष्ट्रीय कृषिवनीकरण संशोधन केंद्राने क्लावेरियात काम सुरू केले व शेतकऱ्यांच्या या पट्ट्यांचा अभ्यास केला. पट्टे पाहून इतर शेतकरी शिक्षण मागू लागले, आणि त्यातून १९९६ साली शेतकऱ्यांची ‘लँडकेअर’ संघटना उभी राहिली. हे नाव व कल्पना १९८६ साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात निघालेल्या चळवळीवरून घेतली होती. वाडी-वाडीतून लहान मंडळे स्थापन झाली. ज्याने पट्टे केले आहेत त्याने शेजाऱ्यास शिकवावयाचे, एकत्र रोपवाटिका चालवावयाची व एकमेकांच्या शेतात आळीपाळीने काम करावयाचे, अशी त्यांची रीत होती.

या कामात तीन घटक एकत्र आले : शेतकऱ्यांनी श्रम व अनुभव दिला, बारांगाय व म्युनिसिपालिटीने आपल्या विकासनिधीतून साहाय्य केले, आणि तंत्रज्ञांनी मार्गदर्शन केले. पुढे शेजारच्या बुकिद्नोन प्रांतातील लान्तापान येथेही अशी मंडळे निघाली.

विस्तारकार्यास मिळणारा बोध

क्लावेरियाचे पट्टे जसेच्या तसे दुसरीकडे उचलून नेता येणार नाहीत. जेथे पाऊस थोडा आहे तेथे पाणी मुरविण्यास बांध व चर लागतात, आणि जेथे गुरे मोकळी सुटतात तेथे गवताचा पट्टा टिकत नाही. परंतु तेथील अनुभवाचा गाभा सर्वत्र उपयोगी आहे. नवी पद्धत सांगण्यापूर्वी तीस किती दिवसांचे श्रम लागतात, ते कोणत्या हंगामात लागतात आणि जमीन कोणाची आहे, हे तीन प्रश्न कार्यकर्त्याने विचारले पाहिजेत. सांगितलेल्या पद्धतीत शेतकऱ्याने बदल केला, तर त्यास अज्ञान समजून दोष न देता, तो बदल का केला हे शेतावर जाऊन पाहावे. क्लावेरियात कुंपणे लावावयाची राहून गेलेल्या रिकाम्या पट्ट्याकडे जर कोणी केवळ अपूर्ण काम म्हणून पाहिले असते, तर सर्वांत स्वस्त उपाय नजरेतून निसटला असता.